बोट दुखत नाही, पण उचलतही नाही: आमवातात कंडरांचं काय होतं

रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आपल्याकडचा आमवात, म्हटलं की घरच्यांपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांची नजर सांध्यांवर जाते. पेरं सुजली का, गुडघा वाकतो का, सकाळी हात किती वेळ आखडलेले राहतात. पण याच आजारात सांध्यांच्या शेजारून जाणाऱ्या कंडरा, ज्यांना दवाखान्यात सगळे टेंडन म्हणतात, त्याही सुजतात, झिजतात आणि कधी कधी तुटतात. तुटताना बहुतेक वेळा फारसं दुखत नाही, ही या दुखण्याची वाईट खोड. मी नागपुरात हाताच्या थेरपीचं काम करते. सर्वांत जास्त हळहळ मला याच रुग्णांची वाटते, कारण कंडरा तुटण्याआधी कित्येक महिने खुणा देत असते आणि त्या खुणा डोळ्यांना दिसतात, हाताला लागतात. फक्त कोणी तिकडे पाहिलेलं नसतं.

आधी रचना समजून घेऊ. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी चिवट, पांढरी तंतूंची जुडी. बोटं हलवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच, ते कोपरापासून मनगटापर्यंतच्या मांसल भागात असतात. त्यांच्या कंडरा मनगट ओलांडून बोटांपर्यंत जातात. मनगटाच्या मागच्या बाजूला त्या उसळू नयेत म्हणून वर एक आडवा पट्टा आणि त्याखाली सहा कप्पे असतात. तळहाताच्या बाजूला मात्र एकच अरुंद बोगदा. त्यातून नऊ कंडरा आणि एक मोठी नस, म्हणजे मज्जातंतू, दाटीवाटीने जातात. एवढ्या अडचणीत घासाघीस होऊ नये म्हणून कंडरेभोवती पातळ आवरण असतं आणि त्यात जरासं वंगण. पायजम्याच्या नेफ्यातून नाडा सरकावा तशी ती सरकते.

या आवरणाचं अस्तर आणि सांध्याच्या आतलं अस्तर एकाच जातीचं आहे. आमवातात शरीराची प्रतिकारशक्ती ज्या अस्तरावर उलटते, ते हेच. त्यामुळे सांधा सुजतो त्याच कारणाने कंडरेचं आवरणही सुजतं. अस्तर जाड होतं, आत पाणी साचतं आणि सरकणं अडखळतं. बोट वाकवलं की अडकतं आणि सरळ करताना टक्कन सुटतं, ते यामुळे. तळहाताकडच्या बोगद्यात सूज आली की नस दाबली जाते आणि रात्री अंगठा, तर्जनी, मधल्या बोटाला मुंग्या येतात. बाई उठून हात झटकत बसते. एवढ्यावर थांबलं तर ठीक. पण बरेच दिवस औषधाविना राहिलेलं अस्तर कंडरेच्या आत शिरतं आणि तिचे तंतू कमकुवत करतं.

दुसरा मार बाहेरून बसतो. मनगटाच्या मागे, करंगळीच्या बाजूला हाडाचं जे गोल टोक दिसतं, ते आमवातात बंध सैल झाल्यामुळे वर उचकटतं आणि झिजून खडबडीत होतं. करंगळी आणि अनामिका सरळ करणाऱ्या कंडरा नेमक्या त्याच्यावरून जातात. दिवसभर प्रत्येक हालचालीला त्या हाडाच्या कडेवर घासतात. अशा घासून तुटण्याचं वर्णन व्हॉन-जॅक्सन या ब्रिटिश शल्यविशारदाने 1948 मध्ये केलं आणि आजही हा प्रकार त्याच्याच नावाने ओळखला जातो. तळहाताच्या बाजूला असंच अंगठ्याचं टोक वाकवणाऱ्या कंडरेचं होतं. तिथे मनगटातल्या एका छोट्या हाडाचा काटा तिला कापतो.

नागपूरच्या महाल भागातल्या एक काकू, लांब पोळ्यांच्या ऑर्डरी घेणाऱ्या. लांब पोळी म्हणजे सैल कणकेचा गोळा दोन्ही हातांवर झुलवत पातळ करायचा आणि उपड्या मटक्यावर टाकायचा. बोटं सरळ ठेवल्याशिवाय ते जमतच नाही. आमवात जुना, गोळ्या कधी चालू तर कधी बंद. आल्या त्या म्हणाल्या, "मॅडम, सकाळी उठली तं करंगळी खालीच. दुखलं काहीच नाही. झोपेत दबली असन म्हणून तेल चोळत राह्यली." चोळण्यात काही आठवडे गेले, तोवर अनामिकाही खाली आली.

बोट खाली पडलं म्हणजे कंडरा तुटलीच असं नाही, आणि तपासणीची खरी गंमत इथेच आहे. चार वेगवेगळ्या गोष्टींनी हात जवळजवळ सारखाच दिसतो. एक, कंडरा तुटली. दोन, कंडरा शाबूत आहे पण बोटाच्या मुळाशी ती सांध्याच्या माथ्यावरून घसरून दोन बोटांमधल्या खाचेत पडली. तीन, बोटाच्या मुळाचा सांधाच निखळला. चार, कोपराच्या सुजेने बोटं उचलणारी नस दाबली. मी काकूंची करंगळी माझ्या हाताने सरळ केली आणि म्हटलं, "आता धरून ठेवा." घसरलेली कंडरा असती तर बोट तिथे टिकलं असतं. ते लगेच खाली आलं. मग त्यांचं मनगट सैल सोडायला सांगून खाली वाकवलं. मनगट वाकवलं की मागच्या कंडरा ताणल्या जातात आणि बोटं आपोआप थोडी सरळ होतात. नस गेली असली तरी हे होतं, कारण कंडरा जोडलेली असते. काकूंची तर्जनी आणि मधलं बोट वर आली, बाकीची दोन लोंबत राहिली. एवढ्यावर निदान जवळजवळ पक्कं झालं. सांधा निखळला नाही ना, हे क्ष-किरण फोटोत दिसतं. हाडाचं ते खडबडीत टोकही त्यातच दिसतं.

हे इतकं उशिरा का कळतं, याचं एक कारण आमवात मोजण्याच्या पद्धतीतच आहे. आजार किती सक्रिय आहे हे ठरवायला डॉक्टर जगभर 28 सांध्यांचा हिशेब वापरतात: खांदे, कोपर, मनगटं, बोटांचे सांधे, गुडघे. किती दुखतात, किती सुजलेत, त्यात रक्तातला ईएसआर किंवा सीआरपी (अंगातली सूज दाखवणारे आकडे) आणि रुग्णाचं स्वतःचं मत मिळवून एक आकडा निघतो. पद्धत चांगली आहे, उपचार वेळेवर बदलायला तिचा मोठा उपयोग होतो. पण त्यात कंडरा नाहीत, घोटे नाहीत, पावलं नाहीत. आकडा छान आला आणि मनगटाच्या मागची मऊ गाठ तशीच राहिली, असं होऊ शकतं. म्हणून डॉक्टरांना ती गाठ आपण होऊन दाखवावी. दुखत नाही म्हणून झाकून ठेवू नये.

ती गाठ ओळखायची कशी? मनगटाच्या मागे, हाताच्या पाठीवर, लांबट आणि मऊ फुगवटा असतो. बोटं सरळ केली की तो कंडरेबरोबर सरकतो आणि त्याची कड आत दुमडल्यासारखी दिसते. सांध्याची सूज अशी सरकत नाही. शिवाय घरी करता येईल अशी एक छोटी तपासणी आहे आणि आमवात असलेल्या प्रत्येकाने ती अधूनमधून करावी असं माझं ठाम मत आहे: मूठ वळायची आणि फक्त तर्जनी व करंगळी वर करायची, लहान मुलं शिंगं करून दाखवतात तशी. करंगळीला स्वतःची एक वेगळी कंडरा असते आणि घासून तुटण्यात बहुधा तीच पहिली जाते. पण चारही बोटं एकदम उघडली तर दुसऱ्या कंडरेच्या जोरावर करंगळी तरीही उचलली जाते, त्यामुळे रोजच्या कामात काही कळत नाही. एकटीने ती वर येत नसेल तर आठवड्याभरात हाताच्या सर्जनला दाखवा. मग अंगठ्याचं फक्त टोक वाकवून पाहा. आणि दुसऱ्या हाताने बोट दाबल्यावर ते पूर्ण वाकतं पण आपल्या जोरावर तेवढं वाकत नाही, असं असेल तर तळहाताच्या बाजूच्या कंडरा सुजल्याची ती खूण समजा.

नागपूरकरांसाठी इथे थोडं विषयांतर करते. आपल्याकडे 2006 मध्ये चिकनगुनियाने धुमाकूळ घातला होता आणि 2024च्या पावसाळ्यातही घरोघरी रुग्ण होते. चिकनगुनिया मनगटाच्या आणि घोट्याच्या कंडरांची आवरणं सुजवण्यात पटाईत आहे. ताप चार दिवसांत जातो, हातपाय मात्र महिनोन्महिने आखडलेले. त्यामुळे दोन्ही दिशांनी घोळ होतो. कुणाला साधा चिकनगुनियाचा ठणका असतो आणि तो आमवाताच्या भीतीने झोप घालवून बसतो. तर कुणाला खरोखर आमवात सुरू झालेला असतो आणि "चिकनगुनिया झाला होता ना, जाईल हळूहळू" म्हणत वर्ष निघून जातं. दुसरी चूक महाग पडते. ताप येऊन तीन महिने झाले आणि सूज दिसतेच आहे, तर वातरोगतज्ज्ञाकडे जायचंच. अँटी-सीसीपी ही रक्तचाचणी इथे कामी येते. चिकनगुनियात ती सहसा निगेटिव्ह असते. ठळक पॉझिटिव्ह आली तर आमवाताची शक्यता बरीच वाढते. निगेटिव्ह आली म्हणजे आमवात नाहीच, असा उलटा अर्थ मात्र काढता येत नाही.

कंडरा पाहायला सर्वांत सोयीची तपासणी म्हणजे सोनोग्राफी. ही चिठ्ठी हातात दिली की साठीतल्या बायका हसायला लागतात, "आता या वयात?" पण हाताच्या सोनोग्राफीत कंडरेभोवतीचं पाणी, जाड झालेलं अस्तर, आतली चीर, सगळं दिसतं. पॉवर डॉपलर लावलं की सुजेतला रक्तप्रवाह रंगीत ठिपक्यांसारखा उमटतो. रंग दिसला म्हणजे आजार तिथे आत्ता चालू आहे. शिवाय यंत्र लावलेलं असतानाच बोट हलवायला सांगून कंडरा सरकते का ते पाहता येतं, जे एमआरआयमध्ये जमत नाही. एमआरआयचा फायदा वेगळा: खोलवरच्या कंडरा आणि हाडातली सूज त्यात दिसते, आणि काही रुग्णांत सांध्याची सूज बाहेरून जाणवण्याआधीच कंडरांच्या आवरणाची सूज त्यात सापडते. आपल्या देशात गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या 1994च्या कायद्यामुळे सोनोग्राफीच्या प्रत्येक यंत्राची नोंदणी लागते, म्हणून वातरोगतज्ज्ञाच्या टेबलाशेजारी ते बहुधा नसतं; रेडिऑलॉजिस्टकडे जावं लागतं. चिठ्ठीवर "मनगट, कंडरा, डॉपलरसह" असं स्पष्ट लिहून घ्यावं. नुसतं "हात" लिहिलं तर अहवालही तितकाच मोघम येतो.

औषधाने होतं ते

कंडरेचा उपचार म्हणजे आधी आमवाताचाच उपचार. हे सांगितलं की काही जण नाराज होतात, त्यांना मनगटासाठी वेगळी गोळी हवी असते. तशी गोळी नाही. मूळ आजार आवरणारी औषधं, त्यांत मेथोट्रेक्सेट पहिलं, हीच कंडरेच्या आवरणाची सूज उतरवतात. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर जिवावर बेततं, म्हणून एक वार ठरवा आणि तो पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. सोबत फॉलिक ॲसिड, ठरलेल्या वेळी रक्त, यकृत आणि किडनीच्या तपासण्या, दारू बंद. आणि मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोलणं. परिणाम दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. याच काळात लोक कंटाळून सोडतात आणि नेमकं याच काळात सोडायचं नसतं. एवढ्याने भागलं नाही तर सल्फासालाझिन, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, लेफ्लुनोमाइड यांची जोड देतात. त्यापुढे टोफासिटिनिबसारख्या गोळ्या किंवा बायोलॉजिकल इंजेक्शनं, आणि ती सुरू करण्याआधी टीबी लपलेला नाही ना हे तपासून घेतात.

स्टेरॉइडबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात, मुळीच नको किंवा कायम चालू द्या, आणि दोन्ही चुकीची आहेत. थोड्या दिवसांसाठी, कमी मात्रेत, कमी करत बंद करायच्या बोलीवर दिलेलं स्टेरॉइड मेथोट्रेक्सेट लागू पडेपर्यंतचा काळ निभावून नेतं. वर्षानुवर्षं घेतलेलं स्टेरॉइड मात्र हाडांबरोबर कंडराही कमकुवत करतं. नाव-पत्ता नसलेल्या पुड्या खाऊन "एका दिवसात हात मोकळे झाले" असं कुणी सांगितलं की मला त्या पुडीतच स्टेरॉइड असल्याची शंका येते. अशा पुड्यांत ते सापडलेलंही आहे.

एकाच कंडरेची सूज हटत नसेल तर आवरणात स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात. ते आवरणात जायला हवं, कंडरेच्या अंगात नाही. सोनोग्राफीत पाहून दिलं तर सुई कुठे आहे ते दिसतं. त्यानंतर काही दिवस त्या हाताला आराम हवा, कारण दुखणं थांबल्यामुळे माणूस जोर लावतो आणि कमजोर कंडरेला तोच जोर नको असतो. साखरेचा त्रास असेल तर पुढचे काही दिवस साखर चढते, हे गृहीत धरा. टाचेमागच्या जाड कंडरेत मात्र असं इंजेक्शन देणं जाणते डॉक्टर टाळतात.

आणखी एक गोष्ट, जी आमवाताच्या चिठ्ठीवर कधीच लिहिलेली नसते. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिक गोळ्या कंडरा तुटण्याचा धोका वाढवतात. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियंत्रण संस्थेने 2008 मध्ये त्यांच्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. वय साठीच्या पुढे आणि स्टेरॉइड चालू असेल तर धोका आणखी जास्त. आपल्याकडे जुलाब लागले की मेडिकलच्या दुकानातून यांपैकी एखादी गोळी मागून आणायची पद्धतच आहे. आमवात असेल तर लघवीच्या किंवा पोटाच्या तक्रारीसाठी औषध घेताना डॉक्टरांना तो सांगा आणि दुसरा पर्याय चालेल का ते विचारा.

हात चालता ठेवणं

सुजलेल्या कंडरेला विश्रांती हवी, पण हात बांधून ठेवणं म्हणजे विश्रांती नाही. मनगटाला आधार देणारा स्प्लिंट कामाच्या वेळी किंवा रात्री लावायचा. बोटं मोकळी राहिली पाहिजेत. मे महिन्यात, 45 अंशांच्या उकाड्यात, तो कुणालाच सहन होत नाही हे मला माहीत आहे. आत पातळ सुती बाही घाला, ती रोज बदला, आणि घाम येऊन कातडी लाल झाली तर काढून ठेवा. स्प्लिंट कपाटात जाण्यापेक्षा दिवसातून चार तास हातावर राहिलेला बरा.

सूज उतरली की व्यायाम. "व्यायामाने सांधे आणखी झिजतील" ही भीती जुनी आहे. ब्रिटनमध्ये 490 रुग्णांवर झालेल्या आणि 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सारा चाचणीत हातांचा ताकदीचा आणि लवचीकपणाचा नियमित व्यायाम करणाऱ्यांचे हात नुसत्या नेहमीच्या उपचारावर असलेल्यांपेक्षा जास्त चांगले चालले, आणि व्यायामाने नुकसान झाल्याचं दिसलं नाही. मात्र मनगटामागची गाठ तशीच असेल, हाडाचं टोक वर आलेलं असेल, तर आधी दाखवा आणि मगच जोराचे व्यायाम सुरू करा.

घरकामात मी एवढंच सांगते की पिळणं आणि एका हाताने उचलणं टाळा. कपडे पिळू नका, निथळत टाका. कढई दोन्ही हातांनी धरा. आणि नागपूरच्या उन्हाळ्यातलं मनगटाचा सगळ्यांत मोठा शत्रू म्हणजे कूलरमध्ये बादलीने पाणी भरणं. पाइप लावा नाहीतर घरातल्या दुसऱ्याला सांगा. "नस बसवून देतो" म्हणणाऱ्याकडे जाऊन बोट ओढून घेणं तर पूर्णपणे बंद. तुटलेली कंडरा ओढल्याने जुळत नाही.

सर्जनकडे कधी

नीट औषधं घेऊनही काही महिने कंडरेची सूज हटत नसेल, तर ते सुजलेलं अस्तर शस्त्रक्रियेने काढून टाकतात, म्हणजे कंडरा तुटायची वाट पाहावी लागत नाही. तुटली असेल तर घाई करावी. करंगळीनंतर अनामिका, मग मधलं बोट, असा हा क्रम पुढे सरकतो, आणि जितक्या जास्त कंडरा गेल्या तितका निकाल उतरतो. तुटलेली टोकं सरळ जोडून भागत नाही. ती विरलेली असतात आणि मधलं अंतर वाढलेलं असतं. म्हणून तुटलेली कंडरा शेजारच्या शाबूत कंडरेला जोडतात किंवा दुसरी उसनी घेतात. तर्जनीला सरळ करायला दोन कंडरा असतात. त्यातली एक दुसऱ्या बोटाला दिली तरी तर्जनीचं काम चालतं. हाडाचं ते खडबडीत टोक त्याच वेळी काढावं किंवा गुळगुळीत करावं लागतं, नाहीतर नवी जोडही तिथेच घासेल. पुढे साधारण चार आठवडे स्प्लिंट आणि मग थेरपी. उसनी कंडरा वापरायला मेंदूला नव्याने शिकावं लागतं, त्यात महिने जातात. मेथोट्रेक्सेट शस्त्रक्रियेसाठी सहसा बंद करत नाहीत, बायोलॉजिकल इंजेक्शनची तारीख मागेपुढे करतात. जुना आमवात असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना मानेबद्दल जरूर सांगा. मानेचे वरचे मणके सैल झालेले असू शकतात.

काकूंना सर्जनकडे पाठवलं, दोन्ही बोटांची जोडणी झाली. करंगळी आधीसारखी ताठ नाही, पण पोळी झुलवण्यापुरती उचलते. मटका आता सून तापवते.

चंद्रपूर, गडचिरोली, बालाघाट, छिंदवाड्याहून येणाऱ्यांना दर आठवड्याला थेरपीला या म्हणणं बरोबर नाही. नागपूरच्या मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजात, ऑक्युपेशनल थेरपीचा जुना विभाग आहे. तिथे किंवा जिथे जाल तिथे पहिल्याच भेटीत व्यायामाचा व्हिडिओ आपल्या मोबाइलवर आपल्याच हाताचा काढून घ्या. दुसऱ्याच्या हाताचा व्हिडिओ पाहून केलेला व्यायाम हमखास चुकतो.

खांद्याच्या कंडरांचं मी इथे लिहीत नाही, तो विषय मोठा आहे. पायाचं मात्र सांगायला हवं, कारण पाय कुणीच दाखवत नाही. आतल्या घोट्याच्या मागून खाली एक कंडरा जाते, ती पावलाची कमान धरून ठेवते. ती सुजली, लांबली की पाऊल सपाट होतं आणि टाच बाहेर वळते. भिंतीला हात लावून एका पायावर उभं राहा आणि टाच उचलून पाहा. नाही उचलता आली, किंवा मागून पाहणाऱ्याला एका पायाची बोटं बाहेरच्या बाजूला जास्त दिसली, तर तपासून घ्या. लवकर सापडलं तर औषध, आतून कमानीला आधार देणारी गादी आणि टाचेला घट्ट धरणारा बूट यांवर बराच काळ निभतं; उशीर झाला तर सांधा बांधून टाकण्याची शस्त्रक्रिया उरते. घरातल्या कोटा फरशीवर अनवाणी चालायची सवय असेल तर घरात घालायला वेगळी, आधाराची चप्पल ठेवा. देवघरापाशी काढा, बाकी घरभर पायात असू द्या.